नावाआधीची जागा

"मोबाईल नंबर सांगा," हे मी दिवसातून शेकडो वेळा म्हणते. साताऱ्यातल्या एका मोठ्या दुकानात मी बिलिंगला बसते. नंबर टाकला की पडद्यावर माणूस उघडतो, म्हणजे त्याचं नाव, गाव, गेल्या खेपेला काय नेलं, वाढदिवस कधी. चेहऱ्याकडे न बघताही माझं काम भागतं. पण दर वेळी, अगदी दर वेळी, डोक्यात कुणीतरी चिडून म्हणतं, "आगं पोरी, आधी नाव इचार की." हा आवाज तात्यांचा. सांगलीत सात वर्षं मी त्यांच्या शेजारी काम केलं आणि त्यातली सहा वर्षं त्यांच्याशी भांडण्यात घालवली.

सांगलीतलं ते दुकान भांड्यांचं. रघुनाथतात्या तिथे भांड्यांवर नावं घालायचे. विजेवर चालणारं ते पेनासारखं यंत्र सगळ्यांनी पाहिलंय. ते टर्रर्र करत स्टीलवर चालतं आणि दातात कळ जाते. तात्यांनी चाळीस वर्षं ते हातात धरलं. सांगली-मिरजेत, पलूस-कडेगावात, कुठल्याही स्वयंपाकघरात जा आणि डब्यांची उतरंड बघा. त्यातला एखादा तरी डबा तात्यांच्या अक्षराचा निघेल. त्यांच्या 'र'ला खाली थोडी शेपटी असायची, त्यावरून मी आजही ओळखते.

माणूस काटकुळा, उंच, सदऱ्याच्या वरच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा. आणि बूड म्हणून टेकवायचे नाहीत. नावंसुद्धा उभ्यानं घालायचे. भांडं पोटाशी धरून घालता घालता दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. त्यांच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीचं प्लास्टिक सात वर्षांत निघालं नव्हतं. चहासुद्धा दारात उभं राहून, रस्त्याकडे बघत. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे आपणही मान फिरवत राहायचं. संध्याकाळी माझी मान दुखायची आणि त्याचं खापर मी कॉम्प्युटरवर फोडायचे.

मी दुकानात लागले आणि वर्षभरात आमचे मालक सन्मती यांनी लेझर मशीन आणलं. मशीन बिलिंगच्या सॉफ्टवेअरला जोडलेलं. ग्राहकाच्या नोंदीत जे नाव असेल ते थेट भांड्यावर उमटायचं. पन्नास भांडी अर्ध्या तासात, सगळी एकसारखी. तात्यांचं पेन ड्रॉवरमध्ये गेलं. सन्मती भला माणूस. त्यांनी तात्यांना घरी बसवलं नाही. ग्राहकांच्या नोंदी तुम्ही सांभाळा, म्हणाले, अख्खा जिल्हा तुम्हाला नावानिशी ठाऊक आहे. अशा रीतीनं तात्या माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर आले. तिथेही उभेच. एका बोटानं टाइप करायचे, पण बोट असं दाबायचे की जणू स्टीलवरच चालवतायत. सहा महिन्यांत कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसली गेली.

आमचं पहिलं भांडण रिकाम्या जागेवरून झालं. तात्या कुठलंही नाव लिहिण्याआधी स्पेसबार सहा वेळा दाबायचे. मोजून सहा. मग नाव. त्यामुळे यादी अक्षरवार लावली की तात्यांनी भरलेली सगळी माणसं वर गोळा व्हायची आणि मी भरलेली खाली. नाव शोधावं तर सापडायचं नाही. मी वैतागून विचारलं, ही सहा टिचक्यांची जागा कशाला. त्यांनी एक तांब्या उचलला आणि मला त्यावरचं नाव दाखवलं. नावाच्या आधी बोटभर कोरं स्टील होतं. ते म्हणाले, "मानसाच्या पुढं काय ना काय लागतं पोरी. आज कुमारी, उद्या सौ. एखाद्याचं डॉक्टर हुतं. शेवटाला तर सगळ्यांचंच कै. हुतं. भांडं टिकतंय, मानूस बदलतोय. जागा ठेवाय नको?"

आणि खरंच, लोक भांडी परत घेऊन यायचे. मुलगी डॉक्टर झाली, तिच्या डब्यावर घाला. आजोबा गेले, त्यांचा तांब्या आता देवळात द्यायचाय, कै. घाला. तेवढ्यापुरतं पेन ड्रॉवरमधून काढून तात्या त्या बोटभर जागेत नेमकं बसवायचे. हे सगळं मला पटलं, असं मात्र नाही. तांब्याचं ठीक आहे, कॉम्प्युटरवर खोडून लिहिता येतं, मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं बोलले होते.

एकदा मिरजेच्या इंदुमतीबाई म्हणून एक ग्राहक कुकर न्यायला आल्या. मी नंबर टाकला, बिल काढलं, दिलं. बिलावर छापलेलं होतं, सौ. इंदुमती. बाईंनी ते वाचलं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये अगदी तळाशी ठेवलं. मी पुढचा नंबर विचारला. तात्या मात्र दारातून त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग दिवसभर त्यांनी मला जगू दिलं नाही. बाईंचा चेहरा बघितलास का, गळा बघितलास का, आधी इचारायचं न्हाई व्हय. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या गायब. बाईंनाच विचारायला मिरजेला गेले होते. पत्ता नोंदीत होता, घर सापडलं. बाईंचे यजमान आठ महिन्यांपूर्वी गेले होते.

दुपारी तात्या आले ते वेगळेच. त्यांनी बाईंना विचारलं होतं, आता काय लिहू, श्रीमती लिहू का. बाई म्हणाल्या होत्या, "पुढं काय नको. जागा तशीच र्‍हाऊ दे. नुसती इंदुमती कशी दिसती ती बगू." तात्यांनी ती नोंद उघडली, सौ. पुसलं आणि सहा टिचक्या दिल्या. मग पडद्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. त्या दिवसापासून माझं त्या जागेवरून भांडणं थोडं कमी झालं, बंद नाही.

पुढे सन्मतींनी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू केल्या. ज्याचा वाढदिवस त्याला आपोआप संदेश जायचा, 'तुमच्या दीर्घायुष्यासाठी आमच्या दुकानातर्फे' वगैरे. महिन्याभरात एक माणूस दुकानात येऊन शांतपणे फोन पुढे धरून उभा राहिला. त्याच्या वडिलांना दीर्घायुष्य चिंतलं होतं, आणि त्या सकाळीच त्यांचं वर्षश्राद्ध होतं. सन्मतींनी माफी मागितली. तात्यांनी माफी मागितली नाही, ते कामाला लागले.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी सायकलवरून गावभर चक्कर. चौकाचौकांतले श्रद्धांजलीचे फलक वाचायचे, पेपरातली निधनवार्तांची पानं वाचायची, कडेगाव-विट्याच्या गाड्यांचे कंडक्टर गाठून विचारायचं, तुमच्याकडं कोण गेलं का. मग येऊन नोंदीत त्या सहा जागांच्या आधी कै. घालायचं आणि वाढदिवस खोडायचा. सन्मती म्हणाले, एवढं कशाला, सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, ग्राहक बंद अशी खूण करा, झालं. तात्यांना ते झोंबलं. "बंद? मानूस काय दुकान हाय व्हय, बंद कराया?"

या फेऱ्यांमुळे त्यांची एक विचित्र ख्याती झाली. कोण गेलं हे घरच्यांच्या पाठोपाठ तात्यांना कळतं, असं लोक म्हणायचे. एखाद्याची तब्येत बरी नसली की ओळखीचे लोक दुकानात डोकावून अर्ध्या थट्टेनं विचारायचे, काय तात्या, अजून श्री. हाय न्हवं? तात्यांना ही थट्टा मनापासून आवडायची. त्यांचं कै. कधी चुकलं नव्हतं. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय ते घालायचेच नाहीत. हा त्यांचा एकमेव गर्व होता आणि तो मी मोडला.

लग्नसराई तोंडावर आली होती. सन्मती म्हणाले, एका माणसाच्या दोन-दोन नोंदी झाल्यात, एकदा साफ कर. सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय होती. नावाच्या टोकांची रिकामी जागा कापायची, मग मोबाईल नंबर एक आणि नाव एक असेल तिथे दोन नोंदींची एक करायची. श्री., सौ., कै. हे सॉफ्टवेअर जमेत धरत नसे आणि जुन्या नोंदीतलं नाव कायम ठेवत असे. तात्या फेरीवर होते. ते आले की सहा टिचक्यांवरून पुन्हा कीर्तन होणार, म्हणून मी मुद्दाम त्यांच्या माघारी बटण दाबलं. चहा संपायच्या आत काम झालं. यादी इतकी स्वच्छ दिसत होती की मी स्वतःवरच खूश झाले.

आता आपल्याकडे काय असतं बघा. कडेगावजवळच्या एका गावात माने म्हणून घर होतं. आजोबांचं नाव यशवंत बाजीराव माने. त्यांनी मुलाला स्वतःच्या वडिलांचं नाव दिलं, बाजीराव. बाजीरावानं आपल्या मुलाला आपल्या वडिलांचं दिलं, यशवंत. म्हणजे नातूही यशवंत बाजीराव मानेच. घरात फोन एक, म्हणून नंबरही एकच. आजोबा दोन वर्षांपूर्वी गेलेले, त्यांच्या नोंदीत तात्यांचं कै. होतं. नातू सैन्यात, वरती बर्फात कुठेतरी. ज्या सॉफ्टवेअरनं हे दोघे एक केले ते कुणा परदेशी माणसानं केलं असेल, त्याला मी दोष देत नाही. मला तर हे माहीत असायला हवं होतं. माझ्या भावाचं नावही आजोबांचंच आहे.

त्या घरात मुलीचं, प्रतीक्षाचं, लग्न ठरलं. आई छायाताई एकावन्न भांड्यांचा संच ठरवायला आल्या. भावाकडून बहिणीला भेट, त्यानंच पैसे पाठवलेत, त्याच्याच नावानं घाला, म्हणाल्या. मी नंबर विचारला. एकच नाव उघडलं. त्याच्या पुढे कै. होतं, पडद्यावर होतं, माझ्यासमोर होतं. मी नंबराकडे बघत होते. भांडी मशीनखाली गेली, खोक्यांत भरली आणि टेम्पोनं गावाला पोचली.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास दुकानाचा फोन वाजला. मीच घेतला. पलीकडे छायाताई होत्या. आवाज अगदी सपाट होता, पाणी भरायला बोलावावं तसा.

"तात्यास्नी कुनाकडनं कळलं?"

काय कळलं, मी विचारलं.

"माझ्या यशवंताचं. समद्या भांड्यावर कै. घातलंय. आमाला अजून कुनी कळवलं न्हाई. तात्यास्नी इचारून सांगा, कुनाकडनं कळलं."

यशवंत दर रविवारी फोन करायचा. त्या रविवारी आला नव्हता आणि आता त्याचा फोन लागत नव्हता. भांडी बघायला भावकीतल्या बायका जमल्या होत्या, खोकं उघडलं, पहिला हंडा बाहेर काढला आणि कुणीतरी मोठ्यानं वाचलं. पण माझा जीव कशानं गेला सांगू? त्या बाईला ही दुकानाची चूक असेल असं वाटलंच नाही. तात्यांनी घातलंय म्हणजे खरंच असणार, एवढाच तिचा हिशेब होता.

मी तात्यांना सांगितलं. त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवर वाकून नोंद बघितली, ड्रॉवर उघडून जुनं पेन काढलं, वायर गुंडाळली आणि म्हणाले, गाडी काढ. सन्मती माल घ्यायला बाहेरगावी होते, चारचाकी त्यांच्याकडे. माझ्या स्कूटीवरून आम्ही निघालो. पलूस ओलांडेपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आणि मागे तात्या. ते मागच्या सीटवरही स्वस्थ नव्हते, सारखे डावी-उजवी करत होते आणि स्कूटी डुलत होती. एरवी मी ओरडले असते.

माने यांच्या सोप्यात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणी रडत नव्हतं, कारण छायाताई रडत नव्हत्या. त्या हंड्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या. बाजीराव अंगणात फोन घेऊन कुणाकुणाला लावत होते. नवरी मुलगी कुठे दिसली नाही. तात्या दारातच उभे राहिले आणि म्हणाले, ताई, यशवंत खुशाल हाय, ह्ये कै. थोरल्या यशवंतरावांचं हाय, चुकून हिकडं आलंय.

छायाताईंनी वर बघितलं. "आवं तात्या, तुमचं कवा चुकत न्हाई."

मी तोंड उघडलं. माझंच चुकलं, बटण मी दाबलं, एवढं सांगायचं होतं. तात्यांनी मागे न बघता हात आडवा करून मला गप्प केलं. मग माझ्या सात वर्षांत पहिल्यांदाच ते बसले. त्या हंड्याच्या पलीकडे, जमिनीवर, छायाताईंच्या समोर.

"चुकलं," ते म्हणाले. "माझ्या हातनं चुकलं. मी म्हातारा झालोय ताई. मला आता नीट दिसत न्हाई, नीट सुचत न्हाई. मला काय बी ठावं नसतं. लोक म्हन्त्यात, आन मी बी मिरवतो. थोरला कंचा, धाकटा कंचा, त्ये बी माझ्या ध्येनात र्‍हात न्हाई."

एकेक वाक्य ते स्वतःच्या अंगातून उपटून काढत होते. ज्यांना चार तालुक्यांतली चुलत-मावस नाती तोंडपाठ, ते सांगत होते की त्यांना थोरला-धाकटा कळत नाही. छायाताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे तुमाला कुनाकडनं कळल्यालं न्हाई?" तात्या म्हणाले, कुनाकडनं बी न्हाई. तेव्हा कुठे त्या बाईनं पदर तोंडाला लावला.

आता प्रश्न भांड्यांचा होता. स्टीलवर घातलेलं नाव पुसता येत नाही, घासलं तर डाग राहतो आणि तो डागही कै.सारखाच दिसतो. आहेराची भांडी परत न्यायची तर लग्न दोन दिवसांवर. तात्यांनी हंडा मांडीवर घेतला आणि बोटानं ती ओळ चाचपली. 'बंधू कै.', मग मोकळी जागा, मग 'यशवंत बाजीराव माने'. मी बटण दाबलं तेव्हा नावांच्या टोकांची जागा कापली गेली होती, पण इथे कै. आणि नावाच्या मधे अडकलेली तात्यांच्या सहा टिचक्यांची जागा तशीच राहिली होती. लेझरनं तीही इमानानं उमटवली होती.

तात्यांनी पेन लावलं, टर्रर्र झालं. कै.च्या पुढचं टिंब त्यांनी अर्ध्या 'प'च्या वळणात मुरवलं, मग 'ट', मग 'न'. पदरानं भुगा पुसून छायाताईंनी वाचलं. बंधू कैप्टन यशवंत बाजीराव माने.

मग छायाताई म्हणाल्या, "आवं, पर त्यो तर शिपाई गडी हाय."

"हुईल की," तात्या म्हणाले. "जागा हाय."

भिंतीकडच्या एका म्हातारीला आधी हसू फुटलं, मग सगळ्यांना. छायाताई हसता हसता रडायला लागल्या आणि मीही. मराठीत कॅप्टन असा लिहीत नाहीत हे मला दिसत होतं. पण फौजेच्या हिंदी पाट्यांवर असाच असतो, असं बाजीरावांनी दारातूनच ठामपणे सांगितलं. दिवस कलेपर्यंत तात्यांनी एकावन्न भांडी पुरी केली.

पण हे एवढ्यावर संपलं नाही. यशवंतचा फोन अजून आलाच नव्हता. बुधवार संध्याकाळ, गुरुवार, शुक्रवार सकाळ. त्या दोन दिवसांत मी तात्यांना जे पाहिलं ते मला नको होतं. ते दुकानात यायचे, नोंद उघडायचे, बंद करायचे, दारात जायचे, परत यायचे. डबा उघडला नाही. एकदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "माझ्या हातनं गेल्यालं कै. आजवर खोटं झालं न्हाई गं." ते तुमच्या हातून गेलंच नाही, मशीननं घातलं, मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. सायकल घेऊन गेले. चौकातले फलक वाचून आले. अर्ध्या तासानं परत गेले.

शुक्रवारी, लग्नाच्याच सकाळी, छायाताईंचा फोन आला. यशवंत बोलला होता. बर्फामुळे लाईन बंद होती, रजा मिळाली नाही, पण खुशाल आहे. कॅप्टनचं सांगितल्यावर इतका हसला की मागचे जवानही हसायला लागले, म्हणे. तात्यांनी ऐकलं, मान हलवली, दुकानाच्या मागे जाऊन तोंड धुतलं आणि डबा उघडला.

सन्मती परत आल्यावर सगळं कळलं. त्यांनी तात्यांना चार माणसांसमोर बोलून घेतलं. नावाच्या रकान्यात कै. घालू नका म्हणून किती वेळा सांगितलं, आज दुकानाची काय अब्रू राहिली असती. तात्या उभ्या उभ्या ऐकत होते. मी माझ्या खुर्चीत बसले होते. बटण मी दाबलं हे एक वाक्य होतं. मला त्या नोकरीची गरज होती, घरी आईची औषधं होती, ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातल्या एकानंही मला आजवर नीट झोप दिलेली नाही. महिन्याभरात तात्यांनी काम सोडलं. जाताना पेन घेऊन गेले. पुढे लग्न होऊन मी साताऱ्याला आले.

त्यांची माझी शेवटची भेट इथेच झाली. गेल्या वर्षी दुपारच्या वेळी रांगेत समोर एक माणूस आला, मी न बघता नंबर विचारला आणि वरून आवाज आला, "आदी नाव इचार की." तात्या. पुतणीकडे आले होते, तिच्या पोराला पाण्याची बाटली घेतली होती. आणखी वाळले होते. रांग मागे चुळबुळत होती आणि मागच्यांपेक्षा जास्त चुळबुळ तात्यांचीच होती. या वेळी मी थांबले नाही. म्हणाले, तात्या, ते बटण मी दाबलं होतं. मानेंच्या वेळचं. मी सांगायला पाहिजे होतं. तुम्ही माझ्यासाठी अंगावर घेतलंत आणि तुमची नोकरी गेली.

"म्हाईत हाय की. तवाच बगितलं मी," ते म्हणाले. "पर तुझ्यासाठी न्हाई घेतलं. येडी का तू? तू चुकलीस म्हनलं असतं तर त्या आईच्या डोक्यात काय र्‍हायलं असतं? पोरगी चुकली, पर तात्याला ठावं हाय. तात्याचं चुकतंय ह्येच तिला कळाय पायजे हुतं. न्हाईतर तिनं पोराचा फोन येईस्तवर जीव धरला नसता."

एवढी वर्षं मी स्वतःला ज्याचं कारण समजत होते, त्यात मी नव्हतेच.

"आन नोकरी काय गेली न्हाई, मी सोडली. त्ये दोन दिस काढल्यावर पुन्यांदा त्ये अक्षर काढवंना," ते म्हणाले आणि बाटलीकडे बोट केलं. "चल, बिल कर. लोक खोळंबल्यात."

मी नंबर टाकला. नोंद नव्हती, नवीन उघडली. नावाच्या रकान्यात सहा टिचक्या दिल्या आणि रघुनाथ लिहिलं. कॉम्प्युटर टुक करून वाजला, सुरुवातीला रिकामी जागा चालणार नाही. पुन्हा केलं, पुन्हा टुक. इथलं सॉफ्टवेअर जागा घेतच नाही. तात्या पुढे वाकून बघत होते. जागेशिवाय त्यांचं नाव लिहायला माझा हात होईना. शेवटी मी नाव खोडलं आणि नुसत्या नंबरावर बिल काढलं.

तात्यांनी बिल डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. वर दुकानाचं नाव, खाली बाटलीची किंमत, आणि मधे 'ग्राहक' या शब्दापुढे काहीच नाही.

"भरपूर जागा ठेवलीस की," ते म्हणाले. बिलाची नीट घडी घालून वरच्या खिशात पेन्सिलीच्या तुकड्याशेजारी ठेवली आणि स्टँडच्या दिशेनं निघाले. काचेतून मला कोपऱ्यावरचा फलक दिसत होता, फुलांचा हार घातलेला कुणाचातरी फोटो असलेला. तिथे ते थांबतील असं मला वाटलं. ते थांबले नाहीत.